व्यंकटीचा उघडा हात

जळकोटच्या ढोराच्या दवाखान्यात व्यंकटीला सगळे कंपौंडर म्हणायचे. सरकारी कागदावर तो परिचर. म्हणजे खोडा धुवायचा, ढोर धरायचं, सुया उकळायच्या आणि डॉक्टर दौऱ्यावर गेले की कुलूप सांभाळायचं. पण कागद वाचतो कोण? म्हैस अडली, व्यायल्यावर गाईचा जार अडकला, बैलाच्या खुरात काटा मोडला, की माणूस दारात येऊन एकच विचारायचा, "व्यंकटी हाय का?" डॉक्टर आत खुर्चीवर बसलेले असले तरी हेच. मग व्यंकटी बाही वर सारत बाहेर यायचा. तेव्हा त्याच्या तोंडावर जे असायचं, त्याला आमच्याकडं माज म्हणतात.

तो माज त्यानं कमावलेला होता, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल की मी त्याच्यावर खार खाऊन बोलतोय. भूकंप झाला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, रोजंदारीवर. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं खाली बसली. माणसं काढायला फौज आली, ढोरं काढायला व्यंकटीसारखे गेले. त्याच्या संगं जळकोटचाच जिलानी नालबंद होता. बैल कसा पाडायचा, दोर कुठं घालायचा, हे जिलानीच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. दोघांनी बारा दिवस दगडमातीतून जनावरं ओढली, जखमा धुतल्या, किडे काढले, मेलेली वासरं गाईंच्या पोटातून बाहेर घेतली. तिथं कुठले हातमोजे अन् कुठलं काय! जे केलं ते उघड्या हातानं. वाचलेली जनावरं बघून लोक म्हणायला लागले, व्यंकटीच्या हाताला गुण हाय. ते एक वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन जे बसलं, ते पंचवीस वर्षं उतरलं नाही.

पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, नाल ठोकायला कोणी येईना. जिलानी लातुरात जाऊन लोखंडी खाटा जोडायला लागला. लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत होस्टेल, खोलीखोलीत चार खाटा. खाटा पोचवता-पोचवता जिलानीला कळलं की ह्यांच्यावर झोपणारी पोरं डॉक्टर होऊन राहिलीत. त्यानं आपली उजमा तिथं घातली. ते बघून व्यंकटीनं दीपालीला घातलं. दोघींना मिळून एक खोली केली आणि सैपाकाला व्यंकटीची बायको धुरपता जाऊन राहिली, चांगली दोन वर्षं.

एका तव्यावरच्या भाकरी खाऊन दोघी सीईटीला बसल्या. उजमाला उदगीरचं ढोराच्या डॉक्टरीचं कॉलेज मिळालं. दीपालीला काहीच मिळालं नाही. सात गुण कमी पडले. ज्याच्या हाताला गुण त्याच्याच पोरीला गुण कमी पडावेत, आता बोला! "माझ्या बायकोच्या भाकरीवर नालबंदाची पोर डागदर झाली," असं तो हसत सांगायचा, पण ते हसू दातांपुरतंच होतं. जिलानी पेढे घेऊन आला, तर व्यंकटीनं एक उचलला आणि जिलानीची पाठ फिरल्यावर कोंबडीपुढं टाकला.

दीपाली मात्र फार दिवस कुढत बसली नाही. ती नांदेडला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागली, चौकशीच्या काउंटरवर. दिवसभर आईबापांचे फोन घ्यायचे आणि पोरांचे टेस्टचे गुण सांगायचे. चांगलं चाललं होतं तिचं. व्यंकटीच्या पोटातलंही दुखणं हळूहळू थंड व्हायला लागलं होतं. आणि नेमकी तेव्हाच जळकोटला नवीन डॉक्टर आली. कोण? उजमा. अहो, जिल्हा काय लहान हाय? शिरूर अनंतपाळ होतं, दुसरी गावं होती. पण दैवाला दुसरी खुर्ची सापडली नाही.

ती त्याला लहानपणापासून म्हणायची तसं "व्यंकटीचाचा" म्हणायची. तो म्हणायचा, "जी मॅडम." असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

आल्या-आल्या तिनं कपाटात कुलपात पडलेलं हातमोज्यांचं खोकं टेबलावर आणून ठेवलं. "चाचा, जार काढताना उघडा हात घालायचा नाही. गाभडलेल्या गाईतला रोग माणसाला लागतो. महिना महिना ताप हटत नाही, सांधे धरतात."

"पंचवीस वर्षं लागला न्हाई," व्यंकटी म्हणाला. "आता तुम्ही आल्यावर लागतोय की काय."

मग तिनं पिसाळीच्या, म्हणजे रेबीजच्या, लसीचं काढलं. ढोरांत काम करणाऱ्यानं काही चावायच्या आधीच तीन सुया घेऊन ठेवायच्या, असं तिचं म्हणणं. तिनं स्वतः घेतल्या होत्या, शिपायालाही घ्यायला लावल्या. व्यंकटी ठरल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात जातो म्हणून निघायचा, स्टँडवरच्या हॉटेलात बसायचा, चहा प्यायचा आणि येऊन रजिस्टरात सही करायचा. तीन तारखा, तीन चहा, तीन सह्या. नालबंदाच्या पोरीनं सांगावं आणि आपण दंड पुढं करावा, हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. वर्षभरात दारातला प्रश्न बदलला. अर्धे लोक विचारायला लागले, "मॅडम हायत का?" बाया तर तिच्यावर जीव टाकायच्या, शेळीचं, म्हशीचं सांगता-सांगता घरातलंही सांगायच्या, आपल्या मोबाईलमध्ये तिचा नंबर घालून घ्यायच्या. तिनं एका शेळीचं पोट फाडून दोन पिल्लं जिती काढली, तेव्हा व्यंकटी म्हणाला, "नशीब एकेकाचं." एकदा तर एका म्हाताऱ्यानं त्यालाच विचारलं, "काय रे कंपौंडर, मॅडम कवा येत्यात?" त्या दिवशी व्यंकटी जेवला नाही. धुरपतानं विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. पित्तच होतं म्हणा ते, पण ओव्यानं जाणारं नव्हतं.

एक डोंगराकडची वाडी तेवढी अजून त्याची होती. तिथले लोक म्हणजे व्यंकटी म्हणंल ती पूर्व दिशा. त्याच वाडीतून एका सकाळी पार्वतम्माचा लेक शिवमूर्ती आला. म्हैस दोन दिवस खात नव्हती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, घशातून घोगरा आवाज येत होता. "कणसाचं दांडकं आडकलंय घशात," शिवमूर्ती म्हणाला. "व्यंकटीदादा, तुमचाच हात पायजे." ऐकून व्यंकटीचं अंग मूठभर वाढलं. पण उजमाही निघाली.

वाडीत पोचल्यावर ती गोठ्याच्या दारातच थांबली. म्हैस एकटक बघत होती, तोंड अर्धवट उघडं, पुढ्यातल्या पाण्याला तोंड लावायची आणि पाणी तसंच खाली सांडायचं. उजमानं विचारलं, "महिना-दोन महिन्यांत हिला कुत्रं चावलं होतं का?"

"दिवाळीनंतर एक गोठ्यात शिरलं व्हतं खरं," शिवमूर्ती डोकं खाजवत म्हणाला. "हाकलून दिलं."

"मग कुणी जवळ जाऊ नका. हिच्या घशात काही नाही. ही पिसाळलीय."

झालं! पार्वतम्मानं कपाळावर हात मारून घेतला. शिवमूर्तीची बायको गंगम्मा तान्ह्या पोराला छातीशी धरून रडायला लागली. भरल्या कासेची म्हैस, आणि ही कालची पोरगी हात न लावता सांगते की गेली! सगळ्यांनी बघितलं कुणाकडं? व्यंकटीकडं. पंधरा-वीस डोळे असतील नसतील, पण त्याला वाटलं सगळा तालुका बघतोय.

"मॅडम," तो म्हणाला, "म्हस खाईना म्हंजे पिसाळली, आसं पुस्तकात आसंल. आमी ढोरं बघितल्यात."

"चाचा, मोजे तरी... चाचा, हात घालू नका!"

ती ओरडली म्हणूनच त्यानं घातला. हे नीट लक्षात ठेवा. ती गप्प बसली असती तर कदाचित त्यानंही चार घटका विचार केला असता. त्यालाही ते डोळे बरे दिसले नव्हते. पण सगळ्यांपुढं ती त्याला नको म्हणाली, आणि त्यानं कोपरापर्यंत हात म्हशीच्या घशात सारला, चाचपला, आणि चघळलेल्या कडब्याचा एक लगदा बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. "हे बघा!" लोकांनी हुश्श केलं. बोटाच्या पेरावर दात घासून सालटं निघालं होतं. ते त्यानं धोतराला पुसलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच.

उजमानं तिथंच त्याला नळाखाली धरलं. साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुवा म्हणाली. त्यानं हसत-हसत, लोकांकडं डोळे मिचकावत धुतला. तिच्या तोंडावर रंग नव्हता. "नशीब तुमचे आधीचे तीन डोस झालेत," ती म्हणाली. "तुमचं आता दोनवर भागेल. आज-उद्यात घेऊन टाका." मग घरच्यांकडं वळली. घशातलं सुटावं म्हणून म्हशीला तेल पाजताना कुणी-कुणी तिच्या तोंडात हात घातला होता? शिवमूर्तीनं, पार्वतम्मानं आणि गंगम्मानंही; तिचे हात तर थंडीनं उललेले. "तिघांनी आजच्या आज जळकोटला येऊन सुया घ्यायच्या. हा रोग एकदा अंगात दिसायला लागला की मग औषध नाही."

तिघांनी मान हलवली. गेलं मात्र कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी म्हैस मेली. उजमानं उभं राहून खोल खड्डा खणून घेतला, चुना टाकला, पुरली. पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन सांगितलं. पार्वतम्मानं तिला स्पष्टच विचारलं, "व्यंकटीनं तर कोपरापतोर हात घातला व्हता. तो फिरून राहिला का न्हाई गावात? त्यानं घेतली का सुई? न्हाई ना? मग आमालाच का टोचता?" आणि दार लावून घेतलं.

हे शिपायानं येऊन सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोला, व्यंकटीला पहिल्यांदा गार वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा ती हरली होती आणि तो जिंकला होता. ते गारपण दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी जिलानी आला. लातूरहून मुद्दाम गाडी काढून आला होता. आल्या-आल्या त्यानं व्यंकटीचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. "अरे यार, जीव उडाला होता बघ माझा. पण उजमा बोली, चाचाचे तीन डोस झाल्यात, फिकर नको. मी म्हटलं, शुकर हाय." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. व्यंकटीनं हात सोडवून घेतला.

तिथून त्याला जे भ्यांव लागलं! घसा जरा कोरडा वाटला की तो पाणी पिऊन बघायचा, गिळता येतंय का. तासातासाला पाणी. धुरपता म्हणाली, "आज लई पाणी पिऊन राहिलात, काय झालं?" तो म्हणाला, ऊन हाय. पौषातलं ऊन! लस घ्यायची तर जळकोटच्या ग्रामीण रुग्णालयात घ्यायची, आणि तिथं आधीच्या डोसांचं विचारणार. मग खोट्या सह्या निघणार, उजमाला कळणार. मरण एका बाजूला आणि उजमापुढं खाली मान एका बाजूला. कुठलं जड, हे ठरवायला ह्या माणसाला एक अख्खा दिवस लागला. आणि ठरवलं काय, तर नांदेडला जायचं. तिथं कोण ओळखतंय?

"दीपालीला भेटून येतो," म्हणून तो सकाळच्या गाडीनं गेला. दीपालीनं काउंटरवर दुसरीला बसवलं आणि ऑटो करून त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत सगळे कुत्रं चावलेले. डॉक्टर तरुण होता. त्यानं वर न बघता विचारलं, "कुत्रं कधी चावलं?"

"कुत्रं न्हाई साहेब. म्हस."

"म्हैस चावली?"

"न्हाई. मीच तिच्या तोंडात हात घातला."

आता डॉक्टरनं वर बघितलं. "का?"

व्यंकटीनं बाही खाली ओढली. शेजारी दीपाली उभी होती.

दंडात सुई झाली, बोटाच्या जखमेत भरायचं औषध भरलं, पुढच्या तारखा लिहून दिल्या. बाहेर चहाच्या गाड्यावर दीपाली म्हणाली, "पण बाबा, तुम्ही आधीच तीन घेतल्या होत्या ना? उजमा मला फोनवर म्हणाली होती."

त्यानं सांगितलं. तीन चहाचं सांगितलं. म्हशीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला राग आला की तिचा आवाज बारीक होतो.

"पेपर मी दिला," ती म्हणाली. "सात गुण माझे गेले. आन् दहा वर्षं जळून राहिलात तुम्ही. मी आन् उजमा आठवड्याला फोनवर बोलतो, बाबा. मला तिच्यावर जळायचं असतं तर मी जळले असते. तुम्ही मला ते तरी करू दिलंत का? घरी आलं की तुमचंच तोंड बघायचं."

व्यंकटी चहावरची साय बोटानं काढत राहिला.

"त्या घरच्यांनी घेतल्या का सुया?"

"न्हाई."

"का?"

"मी घेतल्या न्हाईत म्हणून."

"आन् आज तुम्ही इथं चोरून घेतली." तिनं कप खाली ठेवला. "गंगम्माचं लेकरू अंगावर पितंय ना अजून?"

एवढंच बोलून ती ऑटो बघायला गेली. व्यंकटी दुपारच्या गाडीनं परत निघाला. सगळ्या रस्ताभर त्याला उजमाचा हेवा वाटला नाही असं नाही, वाटलाच. माणसाचा स्वभाव काय एका सुईनं जातो? पण त्या हेव्याच्या मध्ये-मध्ये ते तान्हं पोर यायला लागलं आणि त्याला जागच्या जागी बसवेना.

जळकोटला उतरून तो घरी गेला नाही, तसाच वाडीला गेला. पार्वतम्माच्या दारात उजमा उभी होती, चौथ्या खेपेला. दार उघडं होतं, पण पार्वतम्मा उंबऱ्यात आडवी. "मॅडम, एकदा सांगितलं ना!" गल्लीतले चारजण तमाशा बघायला जमलेले.

"पार्वतम्मा," व्यंकटी म्हणाला, "म्हस पिसाळल्यालीच व्हती."

"तूच तर म्हणलास, घशात आडकलंय!"

"खोटं बोललो. डोळे बघूनच मला कळलं व्हतं कायतरी वंगाळ हाय. ही नको म्हणली म्हणून घातला हात. हिच्यावर जळतो मी." त्यानं बोट उजमाकडं केलं, तिच्याकडं न बघता. "आधीच्या तीन सुया घेतल्या म्हणून रजिस्टरात सह्या केल्या, त्याबी खोट्या. एकबी घेतली न्हाई. आन् परवापतोर गावात मिशीवर ताव देऊन फिरलो, आज नांदेडला जाऊन गपचिप टोचून आलो." त्यानं बाही वर सारली. दंडावर कापूस होता. "मी वाचंन. तुमी माझ्या भरवशावर मरू नका."

 मग पार्वतम्मा मागं वळून म्हणाली, "गंगम्मा, लुगडं बदल. शिवा, गाडी काढ." त्याच्यावर ती नंतर वर्षभर थुंकली म्हणा, पण त्या क्षणी उठली.

जळकोटच्या रुग्णालयात बाकावर रांगेनं बसले सगळे. म्हशीची लाळ लागलेले शेजारचे दोघंही आले होते. उजमा व्यंकटीच्या शेजारी येऊन बसली. 

"सह्यांचं मला वर कळवावं लागेल," ती म्हणाली.

"कळवा."

"चार खेपा घातल्या मी. हात जोडले. त्या रोगानं माणूस कसा मरतो ते सांगितलं. दार लावलं माझ्या तोंडावर." बोलता-बोलता तिचा आवाज रागानं चढला. "तुम्ही खोटं बोललात, त्यांनी मानलं. तुम्ही खरं बोललात, तेही मानलं. मी खरंच बोलत होते ना, चाचा? मग? तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच जळता? ह्या दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून एक दिवस असा गेला नाही की मला तुमचा हेवा वाटला नाही."

हेच ऐकायला व्यंकटी दीड वर्ष तडफडला होता. कुणी तरी हे तिच्या तोंडून वदवावं म्हणून तो देवाला नारळसुद्धा बोलला असता. आता कानावर पडलं तर मान वर होईना. पार्वतम्मा दंड धरून आतून बाहेर आली. नर्सनं गंगम्माचं नाव पुकारलं.

गंगम्मा उठली, पोराला घट्ट धरून, आणि सवयीनं व्यंकटीपुढं येऊन उभी राहिली. "व्यंकटीदादा, सुई घेतल्यावर लेकराला पाजू का नको?"

त्याच्याकडं आजवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. माहीत असलं तरी आणि नसलं तरी.

"मला ठावं न्हाई बाई," व्यंकटी म्हणाला. "मॅडमला इचार."

गंगम्मा क्षणभर त्याच्याकडंच बघत राहिली. मग उजमाकडं वळली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली.